गॅस चेक

शिशाच्या ओतीव गोळीच्या बुडाला घट्ट बसवलेली तांब्याची, पितळेची किंवा अॅल्युमिनियमची पातळ टोपी म्हणजे गॅस चेक. दारू पेटल्यावर तयार होणारा तप्त वायू गोळीच्या कडेने पुढे निसटू नये, हे तिचे काम. रायफलमधील ही टोपी नखाएवढीच असते. पण जी अडचण ती सोडवते ती तोफांइतकी जुनी आहे, आणि मराठवाड्यातील किल्ल्यांवर ती आजही डोळ्यांनी पाहता येते.

तोंडाकडून भरायच्या तोफेत गोळा नळीपेक्षा थोडा लहान ठेवावाच लागतो, नाहीतर तो आत सरकत नाही. अठराव्या शतकातील ब्रिटिश तोफांत गोळ्याचा व्यास नळीच्या 20/21 धरला जाई. उरलेल्या फटीतून वायूचा मोठा वाटा वाया जातो आणि गोळा नळीत आपटत, डगमगत बाहेर पडतो. त्यामुळे पल्ला घटतो, नेमही चुकतो. दगडी गोळ्यांची अवस्था याहून वाईट, कारण हाताने घडवलेला दगड अगदी गोल होत नाही. दारू आणि गोळा यांच्यामध्ये गवत, काथ्या किंवा चिंध्यांचा डाट ठासण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. वायू अडवण्याचा तो पहिला उपाय.

धाराशिव जिल्ह्यातील परंड्याचा किल्ला या दृष्टीने मुद्दाम पाहावा असा आहे. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ एके काळी इथेच होती. मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराने ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली आणि 1632 मध्ये ती परंड्याहून विजापूरला नेण्यात आली. वजन सुमारे 55 टन, लांबी सुमारे 4.4 मीटर, नळीचा व्यास सुमारे 70 सेंटिमीटर. एवढ्या नळीत फट व्यासाच्या विसाव्या भागाइतकी धरली, तरी ती साडेतीन सेंटिमीटर भरते. ही तोफ पाहणारा तिच्या सिंहमुखाकडे आणि जबड्यातल्या हत्तीकडे पाहतो. खरे तर नळीच्या आत वाकून पाहायला हवे. नळदुर्गच्या उपळी बुरुजावरील लांब तोफा किंवा देवगिरीची मेंढा तोफ पाहतानाही तेच. तोफा जपल्या जातात, पण त्यांचे गोळे कोपऱ्यात ढिगाने पडून राहतात. कोणता गोळा कोणत्या तोफेचा हे एकदा विसरले गेले, की त्या तोफेचे अर्धे ज्ञान नाहीसे होते. गोळे तोफेजवळच, मोजमापासह ठेवले पाहिजेत.

बंदुकीत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात सुटू लागला. नळीला आतून पिळाचे चर पाडले की गोळी गरगर फिरत सरळ जाते, पण त्यासाठी ती चरांत घट्ट बसायला हवी; आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासणे कष्टाचे. 1849 च्या मिनिए गोळीने यावर तोड काढली. तिचे बूड पोकळ होते आणि त्यात लोखंडी वाटी बसवलेली असे. बार उडताच वाटी आत ढकलली जाई, मऊ शिसे फुगे आणि चर भरून निघत. 1853 च्या एनफील्ड रायफलची गोळीही याच कुळातली. तिच्या काडतुसाचा कागद चरबीने माखलेला असे, आणि 1857 च्या उठावात याच चरबीवरून वणवा पेटला. औरंगाबादच्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातील ब्रिटिश अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या, घोडदळानेही त्या जूनमध्ये उठाव केला, पण तिथे आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जावे लागेल ही भीती अधिक बोलकी होती.

ब्रिटिश तोफखान्याने 1878 च्या सुमारास तोंडाकडून भरायच्या अवजड तोफांच्या गोळ्यांमागे तांब्याची तबकडी लावायला सुरुवात केली. तिचे नावही गॅस चेकच. स्फोटाच्या दाबाने तबकडी पसरून फट बुजवी. नळीची झीज तिने कमी केली आणि पुढे गोळ्याला फिरवण्याचे कामही तीच करू लागली. हिंदुस्थानातील डोंगरी पलटणींच्या सुट्या भागांत वाहून नेण्याच्या 2.5 इंची तोफेत हीच युक्ती होती.

रायफलला ही टोपी, जुन्या काळ्या दारूपेक्षा जास्त वेग देणारी धूरविरहित दारू आल्यावर अत्यावश्यक वाटू लागली. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. वायू त्याच्या कित्येक पट तापलेला असतो. फटीतून निघालेला झोत गोळीची कड कापतो, वितळलेले शिसे चरांत चिकटते आणि काही बारांतच नेम बिघडतो. साध्या बुडाच्या गोळीला सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगापुढे सहसा हा त्रास सुरू होतो. टोपी असेल तर 600 मीटर किंवा त्याहून अधिक वेग झेपतो. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण करणे, गोळीभोवतीच्या खाचांत मेण-चरबीचे वंगण भरणे हे जोडीचे उपाय आहेत. पण वायूला प्रत्यक्ष बूडच अडवते.

अमेरिकेत अनेक नेमबाज स्वतः गोळ्या ओततात. बाजारातील टोप्या महाग पडतात, म्हणून पेयांच्या डब्यांचे अॅल्युमिनियम किंवा तांब्याचा पत्रा घेऊन डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, त्याच्या चकत्या कापतात आणि दाबून वाटीचा आकार देतात. पत्र्याची जाडी हा यातला कळीचा भाग. टोपी सैल बसली तर ती उडतानाच निसटते आणि एकेक गोळी वेगळ्या दिशेला जाते. म्हणून या कामात पत्रा कापण्यापेक्षा मापायलाच जास्त वेळ द्यावा लागतो.

भारतात हा घरगुती छंद नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि दारूगोळ्याचे सुटे भागही त्याच व्याख्येत येतात. मराठवाड्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला याच कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. तिची नळी बहुधा गुळगुळीत, दारू काळी आणि वेग कमी असतो, म्हणून तिला टोपीची गरज पडत नाही. तिथे वायू अडवायला डाटच पुरतो.