पंधरा, पंधरा, हिरवा लाइट

३१ ऑगस्ट १९८८ ची सकाळ. डॅलस फोर्ट वर्थ एअरपोर्टवर डेल्टाचं बोइंग ७२७, फ्लाइट ११४१, टेकऑफच्या रांगेत होतं. ७२७ च्या कॉकपिटात तिघं असायचे, त्यातल्या मागच्या सीटवरच्या सेकंड ऑफिसरने चेकलिस्ट वाचता वाचता विचारलं, "फ्लॅप्स?" आणि को-पायलटचं उत्तर आलं, "पंधरा, पंधरा, हिरवा लाइट." म्हणजे दोन्ही गेजचे काटे पंधरावर आहेत आणि पंखाच्या पुढच्या कडेचे फ्लॅप्स बाहेर आल्याचा हिरवा लाइट लागलाय. उत्तर जसं द्यायचं असतं अगदी तसंच, फक्त फ्लॅप्स आतच होते. चुकीच्या सेटिंगवर टेकऑफ सुरू केला तर भोंगा वाजायला हवा, तोही वाजला नाही. विमान धड चढलंच नाही, रनवेच्या पुढे जाऊन कोसळलं आणि १४ जण गेले.

या अपघाताचा विचार करताना मी दर वेळी एकाच जागी अडकतो. चेकलिस्ट विसरली नव्हती हो, वाचली होती! प्रश्न विचारला गेला, उत्तरही मिळालं, आणि तरीही तपासणी झालीच नाही.

फ्लॅप्स म्हणजे पंखाच्या कडेचे सरकणारे भाग. जेट विमानाचा पंख वेगात उडण्यासाठी बनवलेला असतो, कमी स्पीडला तो विमानाचं वजन उचलायला पुरत नाही, म्हणून टेकऑफच्या आधी फ्लॅप्स बाहेर काढून पंख मोठा आणि जास्त बाकदार करायचा. एका लिव्हरचं काम आहे. पण ते राहिलं तर जमिनीवर पळताना काहीच वेगळं जाणवत नाही, कळतं ते चाकं सुटल्यावर, आणि तेव्हा हातात काही सेकंदच असतात.

आता मनाचं बघा. "फ्लॅप्स" ऐकलं की "पंधरा, पंधरा" म्हणायचं हे त्या को-पायलटने कितीतरी वेळा केलं असणार आणि जवळजवळ दर वेळी ते खरंच निघालं असणार. अशा वेळी मेंदू बघायचे कष्ट वाचवतो, कान ऐकतात आणि जीभ बोलते, डोळे मध्ये येतच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे डोळे फिरले तरी जे दिसायला हवं तेच दिसतं! आळस म्हणून हे सोडून देता येणार नाही, मुरलेल्या माणसालाच हे जास्त होतं, कारण त्याचीच जीभ सगळ्यात सराईत असते. त्यात त्या दिवशी रांगेत थांबलेलं असताना कॉकपिटात केबिन क्रूमधल्या एकीबरोबर बराच वेळ गप्पा चालल्या होत्या, म्हणजे लक्ष आधीच वाटलं गेलेलं.

त्याच्या आदल्या वर्षी, १६ ऑगस्ट १९८७ ला, डेट्रॉइटला नॉर्थवेस्टच्या फ्लाइट २५५ चं असंच झालं होतं, पण वाट वेगळी. तिथे टॅक्सी चेकलिस्ट, म्हणजे विमान जमिनीवरून रनवेकडे नेताना म्हणायची यादी, म्हटलीच गेली नाही. विमान रनवेकडे निघालं, तेवढ्यात रनवे बदलला, मग को-पायलट नव्या रनवेसाठी वजनाचे आकडे बघण्यात गुंतला, कॅप्टनचं एक वळण चुकलं, आणि एरवी ज्या टप्प्यावर फ्लॅप्सचा लिव्हर ओढला जायचा तो टप्पा या गडबडीत निघून गेला. "पुढे अमुक वेळी अमुक करायचंय" ही आठवण आपण मनात जपून ठेवत नाही, ती आजूबाजूच्या खुणांवर टांगलेली असते, अमुक वळण आलं की हात आपोआप तिकडे जातो. खूण हरवली की आठवणही गेली, आणि काहीतरी राहिलंय अशी चुटपुटसुद्धा लागत नाही, कारण मनाच्या हिशोबात ते काम झालेलं असतं. इथेही भोंगा वाजला नाही, त्याला वीजच मिळत नव्हती. १५६ जण गेले, विमानातली फक्त एक चार वर्षांची मुलगी वाचली.

बऱ्याच जणांना वाटतं की चेकलिस्ट म्हणजे रेसिपी, एकेक ओळ वाचायची आणि एकेक बटण दाबायचं. रोजच्या उड्डाणात बहुतेक वेळा उलट असतं. पायलट आधी सगळी बटणं पॅनलच्या ठरलेल्या क्रमाने सवयीने लावून घेतो, त्याला फ्लो म्हणतात, आणि मग चेकलिस्ट काढून त्यातली जी चुकली तर जीव जाईल अशी मोजकी कामं पुन्हा पडताळायची. एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून सांगायचं. म्हणजे चेकलिस्ट ही दुसरी चाळणी आहे, आणि ती नुसती पाठ म्हटली तर चाळणीच उरत नाही. १९९० मध्ये असाफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी नासासाठी चेकलिस्टचा अभ्यास केला, त्यातल्या शिफारशी किती साध्या आहेत बघा: उत्तर देताना त्या लिव्हरला किंवा गेजला बोट लावा, आणि शेवटी "चेकलिस्ट कंप्लीट" असं मोठ्याने म्हणा. बोट नेलं की डोळ्यांना मागोमाग जावंच लागतं, मला तर ही त्यातली सगळ्यात हुशार सूचना वाटते.

गप्पांचा बंदोबस्त तर त्याआधीच झाला होता. १९८१ मध्ये अमेरिकेत नियम आला की टॅक्सी, टेकऑफ, लँडिंग आणि एकूणच १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटात कामाशिवाय बोलायचं नाही, त्याला स्टेराइल कॉकपिट म्हणतात. नियम उत्तमच आहे, पण गप्प बसण्याचंही एक टोक असतं. १० मार्च १९८९ ला कॅनडातल्या ड्रायडनमधून एक फोकर एफ-२८ पंखांवर बर्फ घेऊन निघालं. केबिनमधून तो बर्फ दिसत होता, क्रूला आणि प्रवासी म्हणून बसलेल्या पायलटांनाही, पण कॉकपिटपर्यंत कोणीच पोचवलं नाही, पायलटला माहीतच असेल, आपण कशाला मध्ये पडायचं असं वाटून. २४ जण गेले. म्हणून आता क्रू ट्रेनिंगमध्ये पायलट आणि केबिन क्रू दोघांनाही शिकवतात की शंका आली तर बोलायचं, समोरचा कितीही सीनियर असो, आणि ऐकणाऱ्याने ते झटकून टाकायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, प्रत्यक्षात वरच्या माणसाला "सर, थांबा" म्हणायला फार धीर लागतो.

चेकलिस्टचा जन्म कसा झाला तेही सांगायलाच हवं. ३० ऑक्टोबर १९३५, ओहायोमधलं राइट फील्ड, बोइंगचं नवं चार इंजिनांचं मॉडेल २९९. उभ्या विमानाचे शेपटीकडचे कंट्रोल वाऱ्याने आपटू नयेत म्हणून ते जखडून ठेवतात, त्याला गस्ट लॉक म्हणतात. तो काढायचा राहिला, विमान सरळ वर चढत गेलं, स्टॉल झालं, म्हणजे पंखांनी विमान उचलणं सोडलं, आणि पडलं. चालवणारा मेजर प्लॉयर हिल कसलेला टेस्ट पायलट होता, तो आणि बोइंगचा लेस्ली टॉवर असे दोघं त्यात गेले. त्यानंतर पायलटांनी यादी केली आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं.

आणि मग ३१ मे २०१४, मॅसॅच्युसेट्समधलं बेडफर्ड, एक गल्फस्ट्रीम जेट. पुन्हा गस्ट लॉक! सातही जण गेले. रेकॉर्डरमधून निघालं की त्याच दोन पायलटांनी आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा कंट्रोल्स शेवटपर्यंत मोकळे हलतात का याची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. मला हा आकडा त्या अपघाताहूनही भयंकर वाटतो, कारण इतक्या वेळा काहीच झालं नाही, आणि काही होत नाही हेच त्यांच्या मनाने शिकून घेतलं असणार.

ती तपासणी तुम्ही खिडकीतून बघू शकता. पंखाजवळची सीट मिळाली तर टॅक्सीच्या सुमाराला पंखाच्या मागच्या कडेकडे लक्ष ठेवा, फ्लॅप्स हळूहळू बाहेर येतात आणि कधीतरी टोकाजवळची एक पट्टी पूर्ण वर जाते, मग पूर्ण खाली, मग मधोमध. आत त्या वेळी एक पायलट कंट्रोल शेवटपर्यंत हलवत असतो आणि कितीतरी विमानांत दुसरा स्क्रीनकडे बघून एकेक शब्द म्हणत असतो: फुल अप, फुल डाउन, न्यूट्रल.