लघवीचा रिपोर्ट नॉर्मल, संसर्ग मात्र घशात

गनोरिया आणि क्लॅमिडिया हे लैंगिक संबंधांतून पसरणारे जिवाणूंचे संसर्ग. घशातला गनोरिया बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. खवखव नाही, ताप नाही. गुदाशयातल्या क्लॅमिडियाचंही तेच. समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांमध्ये हे जंतू अनेकदा याच दोन जागी मुक्काम ठोकतात, आणि तपासली जाते ती लघवी. लघवीच्या तपासणीत फक्त मूत्रमार्गातला संसर्ग कळतो. रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूस निर्धास्त होतो, आणि आजार पुढच्याला लागत राहतो.

या पुरुषांना लैंगिक संसर्गाचा धोका जास्त असतो, हे खरं. पण त्याचं खापर सरसकट ‘बेफिकिरी’वर फोडलं जातं, ते मला मान्य नाही. शरीररचनाच बघा. योनीच्या अस्तरात पेशींचे अनेक थर असतात, गुदाशयाच्या अस्तरात जेमतेम एक. तिथे नैसर्गिक वंगणही पुरेसं नसतं, त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. आणि एचआयव्ही ज्या पेशींत शिरतो, त्या या पातळ पडद्याच्या लगेच खाली दाटीने असतात. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो उपचार घेत नाही आणि कंडोमही नाही, अशा दर १०,००० संबंधांमागे गुदमैथुनात स्वीकारणाऱ्याला साधारण १३८ वेळा लागण होते, असा अंदाज आहे. योनीसंबंधात स्त्रीसाठी हाच आकडा सुमारे ८ आहे.

त्यात एकच पुरुष कधी स्वीकारणारा, तर कधी देणारा असू शकतो. म्हणजे लागण सहज होते आणि तीच पुढे देण्याची वाटही खुली राहते. जोडीदार मिळण्याचं वर्तुळही लहान असतं. अशा वर्तुळात एखादा संसर्ग शिरला, की मोजकेच जोडीदार असलेल्यालाही तो गाठतो.

सिफिलिस तर आणखी फसवा. त्याचा पहिला व्रण दुखत नाही. गुदाशयात असेल तर दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. जंतू मात्र शरीरातच राहतात. रक्ततपासणीशिवाय ते कळणार कसं?

उपाय आज भक्कम आहेत. प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्याने लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळ्या. नियमित घेतल्या तर त्या संबंधांतून होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ९९ टक्के टाळतात. इतर संसर्ग त्या रोखत नाहीत, म्हणून कंडोम हवाच. उपचारांमुळे ज्याच्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा पुरुष जोडप्यांचे कंडोमशिवायचे सुमारे ७६,००० संबंध नोंदले गेले. त्यांत जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. हिपॅटायटिस ए, बी आणि एचपीव्ही या विषाणूंवर लशी आहेत. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घेतलेलं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सिफिलिस आणि क्लॅमिडियाचा धोका बराच कमी करतं, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं.

तरीही गाडी अडते ती डॉक्टरांसमोर. समोरच्या पुरुषाचे संबंध स्त्रियांशीच असणार, असं डॉक्टर धरून चालतात. अपमानाच्या भीतीने रुग्णही गप्प बसतो. या गप्प बसण्याला मी रुग्णाचा दोष मानत नाही. ‘तुमचे संबंध कोणाशी आणि कशा प्रकारचे?’ हे साध्या आवाजात विचारणं डॉक्टरांचं काम आहे. ते विचारलं, तरच योग्य जागेचा स्वॅब घेतला जातो. सगळं सांगणं जमत नसेल, तर ‘घशाचा आणि गुदाशयाचाही स्वॅब घ्या’ एवढं म्हटलं तरी पुरतं. संकोच वाटत असेल तर हे स्वॅब रुग्णाला स्वतःलाही घेता येतात, आणि त्यांचे निष्कर्ष डॉक्टरांनी घेतलेल्या स्वॅबइतकेच भरवशाचे असतात.