साबणाआधीचा खार

घरी केलेल्या कपड्यांच्या साबणाला हल्ली सर्रास ‘आजीच्या काळातला’ म्हणतात. मला ते पटत नाही. आजीच्या आजीकडे कपड्यांसाठी साबण बहुधा नव्हताच. घरात राख आणि रिठे होते, परटाकडे खार, म्हणजे सोड्यासारखं मळ काढणारं द्रव्य, होता.

रिठ्याची रीत अजून माझ्या हातात आहे. रिठा फोडून काळी कुळकुळीत बी काढून टाकायची, टरफलं रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी कुस्करून पाणी गाळायचं. त्याला फेस येतो तो रिठ्यातल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे. खार नसल्यामुळे रेशमी साडीला, लोकरीच्या शालीला तो सोसतो. रोजच्या मळक्या धोतर-लुगड्यांना मात्र तेवढ्यानं भागत नसे. त्यासाठी चुलीतली राख पाण्यात कालवून ठेवायची आणि वरची निवळी ओतून घ्यायची. तिच्यात राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट उतरलेलं असतं, बोटांना ती बुळबुळीत लागते. परीट खाराच्या पाण्यातले कपडे भट्टीवर वाफवत, त्यावरून ‘भट्टीचे कपडे’ हा शब्द.

आपल्याकडे खाराचं मोठं ठिकाण म्हणजे बुलढाण्यातलं लोणार. पाणी आटलं की सरोवराच्या काठावर सोड्याचे थर उरतात. तिथल्या खारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावं होती. काच आणि साबण करायला जे जे लागतं ते इथे मिळतं, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’ या अकबराच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात झाली आहे. म्हणजे साबण तेव्हाही ठाऊक होता, पण ते कारागिराचं काम होतं. शब्दसुद्धा मूळचा अरबी, ‘साबून’.

साबणाची वडी घरी पाडायला कॉस्टिक सोडा, म्हणजे साध्या सोड्याहून जहाल खार, लागतो आणि तो येतो कारखान्यातून. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये निकोला लब्लां यांनी मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं, आणि पुढे खार स्वस्त झाला. १८८८ मध्ये विलायतेच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योग आयोगानं कडुनिंब, करंज अशा अखाद्य तेलांचा साबण ग्रामोद्योग म्हणून उचलून धरला. घरी साबण करताना मापाला फार महत्त्व. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. ते जास्त झालं तर हात सोलवटतात. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, त्याच्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नको.

घरात सुरू झालेला सगळ्यात गाजलेला प्रयोग साबणाचा नव्हताच. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल नोकरी सांभाळून घराच्या मागच्या अंगणात कपडे धुण्याची पिवळी पावडर कालवत आणि सायकलवरून दारोदार विकत, किलोला तीन रुपये. ती निरमा. तिच्यात सर्वांत मोठा वाटा सोडा ॲशचा होता, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा. लोणारच्या काठावर पाणी आटल्यावर उरतो तोच हा खार.