जबड्याचं दुखणं आणि चाव्यावर फुटलेलं खापर

जबडा दुखतो म्हणून आलेल्याचा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते, आधी तपासायचा, या रिवाजामागे १९३४ सालचा एक लेख आहे. कान-नाक-घशाच्या एका अमेरिकी डॉक्टरने ११ रुग्णांची लक्षणं मांडली: कानात दडे, आवाज, चक्कर, कानापुढे दुखणं. दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो आणि सांधा मागे सरकून नसांवर दाब येतो, असा त्याचा तर्क. शरीररचनेच्या अभ्यासकांनी १९४०च्या दशकातच तो खोडून काढला. पण खापर चाव्यावर फुटलं ते फुटलंच.

१९६१ साली स्नायूंतले विद्युत संकेत मोजणाऱ्या एका अभ्यासाने त्याला बळ दिलं. चावताना दात कुठेतरी अडतात, त्यात मनावर ताण असतो, म्हणून माणूस दात खातो आणि जबडा दुखतो. अडणारा भाग घासला की दात खाणं थांबतं, असा निष्कर्ष निघाला. हातात ड्रिल असलेल्यांना तो जरा जास्तच पटला. पुढे कित्येक वर्षं न किडलेल्या दातांचं एनॅमल चावा जुळवण्यासाठी घासलं गेलं. बरं वाटलं तर श्रेय घासण्याला. नाही वाटलं तर अजून थोडं घासायचं. हे दुखणं चढतं-उतरतं, पुष्कळदा आपोआप ओसरतं, याचा हिशेब कोणी धरत नव्हतं.

१९८४च्या एका प्रयोगात उलटं केलं गेलं: मुद्दाम अडेल अशी कॅप बसवली. सिद्धान्त खरा असता तर झोपेतलं दात खाणं वाढायला हवं होतं; बहुतेकांत ते कमी झालं. प्रयोग लहान होता, हा घासणाऱ्यांचा आक्षेप रास्तच. पण एनॅमल पुन्हा येत नाही. पुरावा आणायची जबाबदारी त्यांची होती.

शस्त्रक्रियेची कथा याहून वाईट. सांध्यात बसवलेली टेफ्लॉनयुक्त रोपणं झिजली, त्यांच्या कणांमुळे आसपासचं हाड झडलं आणि १९९०च्या सुमारास ती बाजारातून मागे घ्यावी लागली.

दरम्यान झोपेच्या प्रयोगशाळांत वेगळंच दिसलं. मेंदू क्षणभर जागृतीकडे झुकतो, हृदयाचे ठोके वाढतात, आणि मग जबड्याचे स्नायू आवळतात. म्हणजे सुरुवात दातांपासून होतच नाही. दात न खाणाऱ्यांतही ही लयबद्ध हालचाल सर्रास आढळते. जोरात दात खाणाऱ्या कित्येकांचा जबडा मुळी दुखत नाही.

२०१८च्या तज्ज्ञ-सहमतीने, एरवी निरोगी माणसाचं दात खाणं हा आजार नसून स्नायूंचं वर्तन आहे, असं ठरवलं. २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट दुखण्यासाठी जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि वर्तनोपचार पुढे आणले. दुखण्यावरचा उपाय म्हणून दातांवर बसवायचा साचा, म्हणजे स्प्लिंट, मागे सारला. दातांची झीज रोखायला रात्री दातांवर चढवायचं आवरण, नाईट गार्ड, अजूनही देतात, आणि ते योग्यच. दात खाणं मात्र त्याने थांबत नाही. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनने चावण्याचा जोर कमी होतो, स्नायू आवळण्याच्या झटक्यांची संख्या फारशी घटत नाही. दिवसा नकळत दात आवळून धरणाऱ्यांना 'ओठ मिटलेले, दात सुटे' एवढंच शिकवलं जातं.