अठराव्या वर्षी उंचीची पावडर

पोलीस भरतीचे दिवस आले की पुण्यात अकादम्यांच्या पाट्यांशेजारी ‘महिन्यात उंची वाढवा’ असली पत्रकंही चिकटतात. मुलांसाठी अट १६५ सेंटिमीटरची. दीड-दोन सेंटिमीटरने अडलेला उमेदवार पावडरचा डबा आणतो, पहाटे बारला लोंबकळतो. पण भरतीचं किमान वयच १८, आणि तोवर बहुतेकांच्या लांब हाडांतली ग्रोथ प्लेट बंद झालेली असते.

हाड ताणून लांबत नाही. मांडीच्या किंवा पायाच्या हाडात टोकाजवळ कूर्चेची पातळ चकती असते, तीच ग्रोथ प्लेट. सांध्याकडच्या बाजूला राखीव पेशी असतात. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या चपट्या पेशी विभागत जातात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात. चळतीच्या दुसऱ्या टोकाच्या पेशी विभागणं सोडून फुगतात, आकारमानाने दहापट किंवा त्याहूनही जास्त. लांबीतला मोठा वाटा या फुगण्याचाच. मग भोवती कॅल्शियमचे क्षार साचतात, बहुतेक फुगलेल्या पेशी मरतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्यासोबत आलेल्या पेशी तिथे हाड घडवतात.

हे काम बंद पाडतं इस्ट्रोजेन, म्हणजे ‘स्त्रियांचं’ म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक. हो, मुलग्यांमध्येसुद्धा! अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. १९९४ साली अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. इस्ट्रोजेनचा संदेश घेणारं प्रथिनच सदोष, म्हणून उंची २०४ सेंटिमीटर, एक्स-रेवरून ठरवलेलं हाडांचं वय १५ वर्षं आणि वाढ अजून चालूच.

प्लेट उघडी आहे का, हे डाव्या पंजा-मनगटाच्या एक्स-रेत दिसतं. हाडाच्या टोकाशी काळी फट असेल तर वाव आहे. फट बुजली की कुठल्याही डब्याचा उपयोग नाही. बारवरचा ‘फरक’ मणक्यांमधल्या चकत्यांचा. त्या रात्री पाणी शोषतात, म्हणून सकाळी उंची सेंटिमीटरभर जास्त भरते आणि संध्याकाळपर्यंत उतरते.

लक्ष द्यायचं ते लहानपणी. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतं. दर सहा महिन्यांनी, एकाच वेळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून आणि नजर सरळ ठेवून मोजा. वर्षात ४ सेंटिमीटरही भर पडली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि वाढत्या वयातल्या मुलाला जिममध्ये कुणी स्टेरॉइड (टेस्टोस्टेरॉनसारखं औषध) देऊ केलं, तर साफ नकार द्या: त्यातली बरीचशी शरीरात इस्ट्रोजेन होतात आणि उघडी प्लेट वेळेआधीच बंद करतात.