मध्यरात्रीच्या ओहोटीला कोण जागणार?

भांडवलशाहीनंतरच्या समाजाची चर्चा निघाली की आधी सुटी वाटली जाते. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी तर १९३० मध्येच सांगून ठेवले होते, की शंभर वर्षांनी आठवड्याला १५ तास काम पुरेल. पण खरी अडचण नको त्या वेळी येणाऱ्या कामाची आहे. ते कुणी करायचे? गोव्याच्या खाजन शेतीला हा प्रश्न जुनाच.

खाजन म्हणजे बांध घालून नदीकडून मिळवलेली, भरतीच्या पातळीखालची जमीन. बांधाला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, असते. मानशीची लाकडी दारे ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात. मात्र दारात एखादा ओंडका अडकला किंवा कुर्ल्यांनी बांध पोखरला, की खारे पाणी आत शिरलेच. ते साचून राहिले तर खारटपणा सोसणारे कोरगूट भातही हातचे जाते. म्हणून दर ओहोटीला राखण हवी.

समजा, १५ घरांनी रोज एक घर अशी पाळी लावली. दिसायला अगदी समान! पण दोन ओहोट्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि १५ दिवसांनी जवळपास त्याच घटकेला येते. ज्या घराला पहिल्यांदा मध्यरात्र लागली, त्याला महिनोन्‌महिने मध्यरात्रच. त्याऐवजी दहाच पाळ्या कराव्यात, पाच पाळ्यांना दोन-दोन घरे द्यावीत आणि जोड्या बदलत्या ठेवाव्यात. मग दर फेरीला वेळ सुमारे चार तासांनी हलते आणि जागरण सगळ्यांना वाटून येते.

जुन्या गावकरीत, म्हणजे कोमुनिदाद या गावसंस्थेत, जमीन गावाची असे. उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई, उरलेल्यातून गावकारांना, म्हणजे गावाच्या मूळ घराण्यांना, जोण हा वाटा मिळे. या गावकरीचे गोडवे मात्र जपून गावेत. जोणीचा हक्क गावकार घराण्यांतल्या पुरुषांचा. चिखलात उतरत ती कुळे आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार. गावकाराची सुशेगाद, निवांत दुपार त्यांच्या घामावर उभी होती.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू कूळ संघांकडे आली, पण वेगळेच दुखणे जडले. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. बोली जिंकणाऱ्याला मासळी-कोळंबीसाठी खारे पाणी आत हवे असते, म्हणून तो भरतीलाही दारे उघडी ठेवतो. पाण्याच्या लोंढ्याने बांधाचा पाया झिजतो. नफा एकाच्या खिशात, भगदाड दुसऱ्याच्या शेतात. निदान बोलीची काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवावी आणि पावसाळ्यानंतर बांध तपासूनच परत द्यावी.