जसं खळं, तसं मोल: खानदेशात अंगदुखीच्या उपचाराचे दर कसे ठरत आले

मालिश असो, फिजिओथेरपी असो की अॅक्युपंक्चर (सुया टोचून करायचा उपचार), सगळ्यांना एकच रक्कम लावायची नाही. खालचा आणि वरचा आकडा फळ्यावर लिहायचा आणि त्यामधलं आपल्याला काय झेपतं ते येणाऱ्याने स्वतः ठरवायचं. सरकत्या दरांची ही पद्धत मोठ्या शहरांत काही समुपदेशक, योगशिक्षक आणि उपचारक वापरतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे तिचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, हे शहरी खूळ आपल्या मातीत रुजेल का? पण ऐपतीप्रमाणे मोल देणं हे या मातीला मुळीच नवं नाही. ते इथं कित्येक पिढ्या चाललं, मग मोडलं, आणि ते मोडण्यामागे काही फार रास्त कारणंही होती. ती कारणं समजून घेतल्याशिवाय आज नव्याने काही मांडायला गेलं तर जुन्याच चुका पुन्हा होतील, म्हणून ही पार्श्वभूमी.

गावगाड्यात अंगाची कामं वाटलेली होती. न्हावी हजामतीसोबत अंग रगडून द्यायचा, तुंबड्या लावायचा. सुईण बाळंतपण करायची आणि पुढे कित्येक दिवस बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून, चोळून, शेक देऊन न्हाऊ घालायची. हाड मोडलं की हाडवैद्य, मनगट किंवा घोटा लचकला की तालमीतले वस्ताद. उसण भरली तर पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत आजही खेड्यांत आहे.

यातल्या न्हाव्याला बलुतं होतं. दर हजामतीला, दर मालिशीला हिशेब नाही. वर्षभर काम करायचं आणि दादर (रब्बी ज्वारी), बाजरी, तूर खळ्यावर आली की आपला वाटा उचलायचा. ज्याचं खळं मोठं त्याच्याकडून जास्त धान्य, ज्याची दोन बिघे कोरडवाहू त्याच्याकडून चार पायल्या. पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षी सगळ्यांचंच कमी. म्हणजे दर दोन बाजूंनी सरकत होता, घरागणिक आणि हंगामागणिकही. आजच्या सरकत्या दरांमध्ये यातली पहिली बाजू आहे, दुसरी बहुतेक ठिकाणी नाही. खानदेशासाठी ही दुसरी बाजू किती मोलाची आहे, ते पुढे येईलच.

या व्यवस्थेचे गोडवे मात्र गाता येणार नाहीत. वाटा किती, हे काम करणारा ठरवत नव्हता, देणारा ठरवायचा. काम सोडून जायची मोकळीक नव्हती, कारण ते जातीने गळ्यात बांधलेलं होतं. बाळंतपणाची, नाळ कापण्याची, विटाळाची कामं ज्या बायकांनी केली त्यांना ज्या घरात बाळ हातात धरलं त्याच घराच्या ओट्याखाली उभं राहून लुगडं-चोळी घ्यावी लागे. मुलगा झाला तर ओटी भरून, मुलगी झाली तर हात आखडून, अशीही रीत होती. आणि ज्या जातींना गावच्या न्हाव्याचा हातच लागायचा नाही, त्यांच्यासाठी हा सरकता दर अस्तित्वातच नव्हता. बलुत्यात ऐपतीचं गणित होतं, पण माणसाची किंमत त्याआधीच ठरलेली होती.

म्हणून ते मोडलं याचं मला दुःख नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध दिलेला लढा, त्यानंतर 1958 चा कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा, 1972 च्या दुष्काळात रिकामी राहिलेली खळी, त्याच काळात शहाद्यात श्रमिक संघटनेने सालदारांच्या (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांच्या) आणि मजुरांच्या हक्कासाठी उभारलेली चळवळ, या सगळ्यांतून धान्याच्या जागी रोकड आली आणि मान खाली घालून मिळणाऱ्या वाट्याच्या जागी ठरलेली मजुरी. हे व्हायलाच हवं होतं.

पण रोकड आली तेव्हा तिच्याबरोबर एकच दर आला. शिवाय वस्ताद आणि हाडवैद्य यांच्यात पैसे घ्यायचे नाहीत असा दंडक होता. पैसे घेतले तर हाताचा गुण जातो, असं मानायचे. “कितला व्हयनात?” (किती झाले?) असं विचारलं तर मारुतीपुढे नारळ फोड म्हणून सांगायचे. हे औदार्य खरं होतं, पण त्यावर घर चालत नव्हतं. पोरांनी ती विद्या घेतली नाही, आणि ज्यांनी घेतली त्यांच्यावर कुणाची देखरेख नव्हती. कामट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटला आणि हात-पाय कापावा लागला, अशा घटना अस्थिरोगतज्ज्ञांना चांगल्याच ठाऊक आहेत. चांगला हात आणि धोक्याचा हात यांत फरक करायला रुग्णाकडे काही साधन नव्हतं.

दुसऱ्या बाजूने शास्त्रीय उपचार येत होते. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात 1953 साली फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. त्यामागे पोलिओच्या साथीचं निमित्त होतं. जिल्ह्यांच्या गावी हे उपचार पोचायला पुढे अनेक दशकं गेली. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 मध्ये आलं, नंदुरबारला 2020 मध्ये. राज्याची आरोग्य विमा योजना, जी आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते, ती 2012 मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होता. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी तिने अनेक घरं कर्जातून वाचवली. पण रोज दुखणाऱ्या कमरेसाठी, वर न उठणाऱ्या खांद्यासाठी त्या योजनेत फारसं काही नाही. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू झालेली योजनाही खाटांची भाषा बोलते. शिवाय तिथं उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला तलाठ्याकडे आणि तहसीलला खेटे घालायचे म्हणजे आणखी मजुरी बुडणार.

आणि दुखतं कुणाचं? दिवाळीच्या आगेमागे चोपडा-शिरपूरच्या शेतात कापूस वेचणारी बाई बघा. कमरेला झोळी बांधलेली, अंग अर्धं वाकलेलं, बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली. मजुरी किलोवर, म्हणून ती कंबर सरळ करायलाही थांबत नाही. झोळी भरत जाते तसा पुढचा ओढ वाढतो आणि पाठीच्या खालच्या मणक्यांवर सगळा ताण येतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड खांद्यावर घेऊन चिखलातून बांधापर्यंत जाणारा माणूस दिवसभर एकाच खांद्यावर वीस-पंचवीस किलो वाहतो. धडगाव, मोलगी, चाळीसगावकडची जोडपी ऊसतोडीला जातात आणि उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवतात. उपचाराची सगळ्यात जास्त गरज ज्या शरीरांना आहे, त्यांच्याच हातात सगळ्यात कमी पैसा आहे. त्यांच्या दृष्टीने उपचाराची किंमत म्हणजे फक्त फी नसते. एस.टी.चं भाडं, बुडालेला रोज, घरी राहिलेली म्हैस हे सगळं त्यात धरावं लागतं. सलग सहा वेळा या म्हटलं तर ती दुसऱ्या वेळेनंतर येत नाही, आणि दुखणं कायमचं होऊन बसतं.

ही अडचण जगात इतरत्रही होती, आणि तिच्यावरची उत्तरं बहुतेक कामगारांच्या वस्त्यांतूनच निघाली. वेल्समधल्या ट्रेडेगर गावच्या कामगारांनी 1890 मध्ये वैद्यकीय मदत मंडळ काढलं. पगारातल्या दर पौंडामागे ठराविक पेनी कापायचे आणि दवाखाना सगळ्यांना खुला. त्याच गावच्या अॅन्युरिन बेव्हन यांनी 1948 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. आपल्याकडे छत्तीसगडमधल्या दल्ली राजहरा इथं शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालच्या खाण कामगारांनी 1983 मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून शहीद रुग्णालय बांधलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने, 1976 मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी 11 खाटांवर सुरू केलेल्या, पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर मोफत शस्त्रक्रिया करून दाखवल्या.

आजच्या सरकत्या दरांची थेट नाळ मात्र न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सापडते. नोव्हेंबर 1970 मध्ये यंग लॉर्ड्स (पोर्तो रिकन तरुणांची संघटना), ब्लॅक पँथर (कृष्णवर्णीयांची संघटना) आणि इतर कार्यकर्त्यांनी लिंकन रुग्णालयाचा एक भाग ताब्यात घेऊन हेरॉइनच्या व्यसनाने पोखरलेल्या आपल्या वस्तीसाठी व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत तिथं कानाच्या पाळीवर सुया लावून उपचार होऊ लागले, एकाच खोलीत अनेक जण बसलेले असताना. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात लिसा रोहलेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये काढलेल्या ‘वर्किंग क्लास अॅक्युपंक्चर’ या दवाखान्याने हीच रचना घेतली. एका मोठ्या खोलीत रेलून बसायच्या खुर्च्या, उपचारक एकामागून एक रुग्णाकडे जाणार. सुरुवातीच्या वर्षांत दर होता 15 ते 35 डॉलर, आणि उत्पन्नाचा पुरावा कुणी मागायचा नाही. तिथला खरा शोध हा दरापेक्षा त्या खोलीचा होता. जागा आणि वेळ वाटून घेतल्यामुळे खर्चच खाली आला, मग दर खाली आणणं परवडलं. 2011 मध्ये अशा दवाखान्यांची सहकारी संस्थाही झाली. सहकार म्हटल्यावर खानदेशच्या माणसाला फार समजावून सांगावं लागू नये.

गणित इथं मांडायलाच हवं, कारण चांगल्या मनाने सुरू झालेली कामं हिशेबापाशीच बुडतात. समजा तालुक्याच्या गावी एक फिजिओथेरपिस्ट आहे. जागेचं भाडं 6,000, मदतनीस बाईचा पगार 8,000, वीज, तेल, नॅपकिन वगैरे 4,000 आणि तिच्या स्वतःच्या घराला 30,000. महिन्याला लागले 48,000. महिन्यात 160 जण तपासले तर सरासरी 300 रुपये पडले पाहिजेत. आता 60 जणांनी 150 दिले, 60 जणांनी 300 आणि 40 जणांनी 525, तर 9,000, 18,000 आणि 21,000 मिळून बरोबर 48,000 होतात. पण त्या वरच्या 40 जणांनीही 300 च दिले तर 9,000 ची खोट येते, आणि ती थेट तिच्या घरखर्चातून जाते. म्हणून हा हिशेब भिंतीवर लावायचा. 525 देणाऱ्याला आपण कुणाची तूट भरतोय हे कळलं पाहिजे आणि 150 देणाऱ्याला आपण भीक घेत नाही हेही. “तुमले जितला जमतीन तितला द्या” एवढंच म्हणून थांबलं तर लाजाळू माणूस नको तितके देतो आणि सधन माणूस सवयीने कमी देतो.

दराच्या या पायऱ्या ठरवताना खानदेशी प्रश्न विचारावे लागतील. घरात सालदार ठेवता का, की स्वतःच सालाने आहात? विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का? महिन्याला पगार येतो का? दाखला नको, हे तीन प्रश्न फळ्यावर वाचून माणूस आपली पायरी आपणच ओळखतो. दर कुठलाही घेतला तरी टेबल तेच, वेळ तीच, हात तोच, आणि आधी आला त्याचा नंबर आधी. गावगाड्याची जुनी जखम इथंच पुन्हा उघडू शकते, म्हणून या बाबतीत मी अजिबात तडजोड मानणार नाही. बायकांसाठी वेगळी वेळ आणि बाईच उपचारक, हेही तितकंच गरजेचं. आणि पायाला बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, रात्रीचं दुखणं वाढत चाललं, तर चोळाचोळ न करता आधी डॉक्टरकडे पाठवायचं, ही शिस्त पाळावीच लागेल.

राहिला हंगाम. कापसाचा पैसा साधारण डिसेंबर-जानेवारीत घरात येतो आणि जूनमध्ये बियाणं-खतात जातो. सालदाराचं साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) संपतं, नवी उचल (आगाऊ रक्कम) त्याच वेळी हातात येते. केळीवाल्याला पैसा बारमाही दिसतो, पण मे-जूनच्या एका वादळात बाग आडवी होते. इथं महिन्याच्या महिन्याला रोख मागणारी पद्धत सगळ्यांना सारखी जाचते. घरटी वर्षाची वर्गणी, ती कापूस विकल्यावर किंवा आखाजीला भरायची, आणि वर्षभर घरातल्या कुणीही यायचं, अशी सोय ठेवली तर इथल्या पैशाच्या वाहण्याला ती जुळते. ऊसतोडीहून लोक मार्च-एप्रिलात परततात तेव्हा अनेकांची मुकादमाची उचलही फिटलेली नसते, आणि अंग मात्र पुरतं मोडलेलं असतं. त्या दोन-तीन महिन्यांत तळाची पायरी घेणारेच जास्त येणार. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतली शिल्लक त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवावी लागेल, आणि ती किती ठेवायची हे पहिल्या वर्षाची वही पाहूनच ठरेल.